खुब्याचं ऑपरेशन आणि आईची चाल

मंगळवारी डॉक्टरांकडे माझी फाइल घेऊन गेले होते... आल्यापासून डोकं सुन्न आहे. लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच सुपरवायझर. दिवसभर पायांवर. दोन वर्षं जांघेत कळ येत होती, गोळ्या झाल्या, फिजिओ झाली, शेवटी कळलं की खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ आहे. रिपोर्टमध्ये 'माइल्ड' लिहिलेलं. त्या एका शब्दावर मी इतकी खूश, की पेढे वाटायचेच बाकी होते.

पहिले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून करू. वाटीच्या काठाला कुकरच्या रिंगसारखी किनार असते, ती फाटलीय, तेवढी शिवायची. दोन-तीन छोटी भोकं, काही आठवडे कुबड्या, मग हळूहळू ड्युटी.

दुसऱ्यांनी थेट हाडच कापायला काढलं. वाटीभोवतीचं हाड कापायचं, वाटी फिरवून मांडीच्या हाडाच्या बॉलवर नीट बसवायची, स्क्रू मारायचे. कामावर परतायला चार-सहा महिने. नुसती रिंग शिवली आणि वाटी उथळच राहिली, तर ती पुन्हा फाटू शकते, असं त्यांचं म्हणणं. अहो, माइल्डला एवढं? मला तर हा माणूस दुकान चालवतोय असंच वाटलं.

घरी मतदान झालं. नवरा, सासूबाई, सगळे दुर्बिणीच्या बाजूने. सगळ्यात जोरात माझी आई. ती पडघ्याजवळच्या आमच्या गावी राहते, जन्मभर भाताची लावणी केलेली बाई. धड हाड मुद्दाम कापून घेतं का कुणी, असं तिचं म्हणणं. मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांना शेवटचं विचारायला जायचं ठरलं, तर ते मला पटवतील या भीतीने ती राखणीला सोबत आली.

आता आईच्या चालीचं सांगते. ती एका अंगावर झुलत चालते, गावात लांबूनच ओळखतात. मी दहावीत असल्यापासून सगळे म्हणतात, पोरीने आईची चाल उचललीय. मलाही त्याचं कौतुकच होतं, खोटं कशाला बोलू.

केबिनमध्ये शिरलो, तर डॉक्टर माझी फाइल सोडून आईकडेच बघत राहिले. मग विचारलं, "आई, तुम्हाला किती वर्षं दुखतंय?"

वात हाय, आई म्हणाली. तीस वर्षांचा. तेल चोळलं की भागतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे तिचाही एक्स-रे काढायला पाठवलं.

दोन्ही एक्स-रे शेजारी-शेजारी लावले... आईची वाटी माझ्यासारखीच उथळ. पण माझ्या बॉल आणि वाटीमध्ये फट दिसत होती, तिच्यात ती उरलीच नव्हती. हाडावर हाड. हिला दुर्बीण नाही की हाड फिरवणं नाही, आता सांधाच बदलायचा, असं ते म्हणाले. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, माझ्यासारख्या केसमध्ये डॉक्टरांची दोन मतं असतात, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

तीस वर्षं! असल्या पायावर ही बाई चिखलात वाकून लावणी करत होती, आणि आम्ही तिच्या चालीचं कौतुक करत होतो. मला बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने दोन्ही फोटो नीट बघितले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कुनी सांगितलंच न्हाय ग. तुला सांगितलंय. मोठंच कर."

मोठंच करतेय. ऑफिसात सुट्टीचा अर्ज टाकला. ऑपरेशननंतर माझी काठी सुटली की आईचा नंबर, हे तिच्याकडून देवाशपथ कबूल करून घेतलंय. आणि ज्यांना मी दुकानदार म्हणत होते, त्या डॉक्टरांची मनातल्या मनात शंभरदा माफी मागितलीय.

तुमच्याही घरात कुणाची अशी ओळखीची चाल असेल ना... तर कौतुक नंतर करा. आधी विचारा, दुखतंय का.