बेसिनमध्ये ओतलेलं दूध

कुमुदताईंनी मला शिकवलं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, खडू हातात घेऊन वर्गात उभी राहते, ते सगळं त्यांच्यामुळं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणी म्हणेल, बाई कृतघ्न आहे.

त्याच कुमुदताईंनी माझं दूध बेसिनमध्ये ओतलं.

मधली सुट्टी होती. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या शिक्षिका डबे काढून बसलो होतो. ताई आमच्या शाळेच्या अध्यक्षा. त्या आत आल्या, त्यांनी फ्रिज उघडला आणि मागच्या कोपऱ्यातली माझी बाटली दोन बोटांत धरून बाहेर काढली. मी ती धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवायची. त्यांनी रुमाल सोडला, झाकण फिरवलं, बाटली बेसिनवर उलटी केली. वरून नळ सोडला.

"गुरुवारी इथं नैवेद्याचं दूध असतं. हे असलं अंगातलं इथं ठेवायचं नाही."

मग त्यांनी साबणानं हात धुतले. कोपरापर्यंत. शाळेतल्या आयाला, शबानाआपाला, म्हणाल्या, "फ्रिज आतून गरम पाण्यानं पुसून घे."

एकीनं डब्याचं झाकण परत लावलं. जेवण नको झालं असावं. माझ्या दुधामुळं की ताईंमुळं, कोण जाणे.

मी म्हणाले, "चुकलं, ताई."

बाळ तेव्हा तीन महिन्यांचंही नव्हतं. मी रजा मागितली होती. ताई हसून म्हणाल्या होत्या, "ती सरकारी लोकांना असते गं. तू तर घरचीच." घरची म्हणून मी बिनपगारी राहिले आणि लवकर कामावर आले. पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत सासू बाळाला सांभाळायची. नवरा चिकलठाण्याला कंपनीत. स्टाफरूम रिकामी असली की मी दार लावून दूध काढायची आणि घरी न्यायची, ते सासू दुसऱ्या दिवशी चमच्यानं पाजायची.

त्या संध्याकाळी रिकामी बाटली बघून सासूनं विचारलं. मी सांगितलं. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "म्हशीचं चालतंय व्हय त्यांच्या नैवेद्याला? म्हस काय सोवळं नेसून धार देती?"

मला हसू आलं. नंतर तिचाच राग आला. ताईंबद्दल असं बोलायचं नाही, असं आमच्या घरात होतं.

कारण आमच्या घराला ताई माहीत होत्या. माझी आई तालुक्याच्या गावी त्यांच्या माहेरी भांडी घासायची. मी उंबऱ्याच्या बाहेर बसून अभ्यास करायची. आत यायला कुणी नाही म्हटलं नव्हतं. ये पण म्हटलं नव्हतं. आमची जात त्या घरात कधी कुणी तोंडानं काढली नाही. माझी ताटली मात्र मागच्या कोनाड्यात असायची, हे मला कुणी न सांगता कळलेलं होतं. पण दहावीनंतर मामानं माझं लग्न ठरवलं, तेव्हा ताई आमच्या वस्तीत चालत आल्या. चिखलातून. मामाच्या तोंडावर म्हणाल्या, "ही शिकणार आहे. लग्न लावून दाखवाच, पोलीस घेऊन येते." लग्न मोडलं. हे खरं आहे. मी हे कधीच खोटं म्हणणार नाही.

म्हणूनच "चुकलं" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत दूध काढलं नाही. स्टाफरूममध्ये धीर होईना, दुसरी जागा कुठं होती? संडासात गेले तर बाहेर मुली रांगेत. ब्लाउजच्या आत जुन्या धोतराचे तुकडे घालायची आणि पदर घट्ट खोचायची. घरी पोचेपर्यंत छातीचे दगड व्हायचे. काही दिवसांनी डावी बाजू लाल झाली. हात लावला तरी चटका बसायचा. बाळानं त्या बाजूला तोंड लावलं की ते रडायचं. ताप यायचा, गोळी घेतली की उतरायचा. सासू म्हणाली, "दवाखान्यात चल." मी ताईंकडं एक दिवसाची रजा मागितली.

"उद्या पाहुणे येताहेत," ताई म्हणाल्या. "शाळेला मदत करणारे लोक. तुलाच तर बघायला येताहेत. तुझ्याशिवाय कसं होईल?"

मी गेले.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मला थंडी वाजत होती आणि अंगातून वाफ निघत होती. दोन्ही एकदम. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना सांगायला लागल्या, "ही आमची. हिची आई आमच्याकडं भांडी घासायची. आज ही इंग्रजी शिकवते."

दरवर्षी मी या वाक्यानंतर नमस्कार करायची. या वेळी हात वर उचलले आणि दूध सुटलं. साडीवर डाग पसरताना मला दिसला. पहिल्या ओळीतल्या एका पाहुणीलाही दिसला. ताईंनी बोलणं न थांबवता माझा पदर ओढला, डागावर नीट बसवला आणि पुढचं वाक्य बोलल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच.

मग माझे दात वाजायला लागले. मी खाली पडले.

मला खेळाच्या साहित्याच्या खोलीत, उंच उडीच्या गादीवर टाकलं. पाहुण्यांना चहाकडं नेलं. ताई दारात येऊन म्हणाल्या, "पडून राहा थोडी. पाहुणे निघाले की गाडी देते." गाडी फाटकातच उभी होती. खिडकीतून तिचा टप दिसत होता.

शबानाआपा माझ्या कपाळावर हात ठेवून बसली होती. ती उठली.

"ताई, तुम्हारे मेहमानां चाय पीने तक ये बचती क्या?"

"शबाना, जास्त बोलू नको."

"मैं कां बोल री? इसका बदन बोल रा. हात लगा के देखो तुम."

ताईंनी हात लावला नाही.

आपानं रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली, रिक्षावाल्यालाच आत आणलं, दोघांनी मला उचललं. क्रांती चौकात वाहनं तुंबली होती. रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. आपा माझ्या गालावर चापट्या मारत होती. "आंखां खुल्ले रख. मेरे कू देख. बच्ची भूकी है ना घर में? फिर? सोने का नै." तेवढं आठवतं. पुढचं तुटक आहे. सरकारी दवाखान्याचं छत. ब्लाउज कापणारी कात्री. कुणीतरी म्हणालं, "बीपी लागत नाहीये." दोन्ही हातांना सलाइन.

एक तरुण डॉक्टरीण वाकून विचारत होती, "इतके दिवस दूध साचू कसं दिलं? काय करता तुम्ही?"

"शिक्षिका आहे."

"शिकलेल्या बायका तुम्ही…" म्हणाली आणि थांबली. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "जागा नव्हती का?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. उत्तर द्यायच्या आधी मला रडू फुटलं.

छातीत पू झाला होता. जंतू रक्तात गेले होते. भूल देऊन चिरा घेतला, पू काढला, जखमेत कापसाच्या पट्ट्या भरल्या. मी आयसीयूत असताना नवरा आणि सासू बाळाला घेऊन बाहेर व्हरांड्यात होते. बाळ वाटीतल्या पावडरच्या दुधाला तोंड लावत नव्हतं, रडून घसा बसला होता, हे मला नंतर कळलं. आधी कुणी सांगितलं असतं, तर मी नळ्या काढून उठले असते.

शुद्धीवर आले तेव्हा एक वयस्कर सिस्टर माझ्या उजव्या बाजूचं दूध हातानं स्टीलच्या वाटीत काढत होती. मी दचकले. म्हणाले, "सिस्टर, तुमचे हात खराब होतील."

तिनं दूध काढणं थांबवलं नाही. "काय खराब होतंय गं? तुझं लेकरू बाहेर वाट बघतंय." आणि ओरडली, "अहो आजी! या लवकर, गरम आहे तोवर पाजा."

बाळाचं रडणं थांबलेलं मी भिंतीपलीकडून ऐकलं. त्या शांततेत मला पहिल्यांदा ताईंचा राग आला. खरा राग. इतक्या वर्षांत मी ताईंवर रागावले नव्हते. उपकाराचं ओझं असलं की राग वर येत नाही, आतच साचतो. साचलेल्याचं काय होतं, ते माझ्या छातीवर चिरा घेऊन दाखवलेलं होतं.

वॉर्डात हलवल्यावर ताई आल्या. शहाळं, सफरचंदं. बाळ माझ्या उजवीकडं पीत होतं. शेजारच्या खाटांवरच्या बायकांना त्या म्हणाल्या, "आमचीच मुलगी आहे." मग स्टूल ओढून हळू आवाजात, "आता तू घरी आराम कर. तुझ्या वर्गावर दुसरी बघितली आहे. तब्येतीमुळं सोडते असा अर्ज लिहून दे, म्हणजे शाळेच्या कागदावरही नीट राहील. पुढं बघू काहीतरी. तुला कधी कमी पडू दिलंय का मी?"

आई उशाशी उभी होती. ती गावाहून आली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "पाया पड त्यांच्या. उठता येत नसंल तर हात तरी जोड. त्यांनीच तर तुला माणसात आणलं."

"मी आधीपासून माणूसच होते, आई," मी म्हणाले. मग ताईंना म्हणाले, "अर्ज देणार नाही."

ताई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुखावल्या होत्या, मनापासून. तेच मला जड गेलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाळाचे लंगोट धुता धुता म्हणाली, "काम जाईल तुझं." मी म्हणाले, "जाईल कदाचित."

जखम भरत आली तेव्हा हे पत्र लिहिलं. शबानाआपाच्या हातानं पाठवणार होते. मग वाटलं, तिच्या पोटावर पाय यायला नको. रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

*

आदरणीय कुमुदताई,

सा. न. वि. वि.

तुम्ही माझं लग्न मोडून मला शाळेत पाठवलं. ते मी विसरलेले नाही. माझ्या मुलीलाही ते सांगेन. पण त्याची परतफेड म्हणून तुम्ही मला जेवढं वाकवलंत तेवढी मी वाकले, आणि एक दिवस मरता मरता राहिले. आता वाकणार नाही. डॉक्टरांनीही वाकायला मनाई केली आहे, पण माझं कारण ते नाही.

इथून पुढं कोणत्याही पाहुण्यांसमोर मी उभी राहणार नाही. माझ्या आईनं भांडी घासली, त्याचे पैसे तिनं घेतले. ती तिची मजुरी होती. ती गोष्ट सांगून शाळेसाठी मदत मागू नका.

मी राजीनामा देत नाही. सोमवारी कामावर येते. मधल्या सुट्टीत माझी सासू बाळाला घेऊन येईल आणि मी स्टाफरूममध्ये, माझ्या खुर्चीवर बसून तिला पाजेन. कुणाला बघवत नसेल तर त्यांनी बाहेर जावं. मी जाणार नाही.

मला कामावरून काढायचं असेल तर तुम्ही अध्यक्षा आहात, काढू शकता. फक्त कारण लेखी द्या. तब्येतीचं लिहू नका. खरं कारण लिहा आणि खाली तुमची सही करा.