वीरधवलची लाल गाडी

माणसाची पारख करायला क्रांतीला फार वेळ लागत नसे. बोर्डाला हात घालण्याआधी जो मेन स्विच बघत नाही, तो तिच्या लेखी वाया गेलेला. साताऱ्याच्या आयटीआयत अठरा वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवून तिची नजरच तशी झाली होती. नवरा फौजेत, राजस्थानात. ती कोरेगावला सासरी. आणि शेजारच्या घरात चुलत दीर वीरधवल, बारा एकर उसाचा धनी, ज्याने जन्मात कशाचाही मेन स्विच बघितला नव्हता.

क्रांतीने जुनी विजेची गाडी घेतली तेव्हा आधी चार गाड्या परत धाडल्या होत्या. प्रत्येकीची बॅटरी तिने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात तपासून घेतली. पाचवीत नव्वद टक्के जीव निघाला. त्याचा लेखी रिपोर्ट, डिकीतली मूळ चार्जिंग केबल आणि बॅटरीची वॉरंटी आपल्या नावावर, एवढं झाल्यावरच तिने किल्ली घेतली. घरी अर्थिंगचा नवा खड्डा काढून पंधरा अँपिअरचा वेगळा पॉइंट बसवला.

"वैनी, गाडी घेताय का पोरीचं लग्न ठरवताय?" वीरधवल चारचौघांत खिदळला होता.

तीन महिन्यांनी त्यानेही एक आणली. पुण्यातून, एका दुपारात. लालभडक.

"बॅटरीचा रिपोर्ट बघितला का?" क्रांतीने विचारलं.

"तीनशे किलोमीटर जाती म्हणं."

"कोण म्हणं?"

"इकणारा."

मूर्खांना शिकवायचा तिला आयटीआयत पगार मिळत होता. घरच्यांना फुकट शिकवायची तिला हौस नव्हती. कडबाकुट्टी यंत्राच्या एक्स्टेंशन वायरीवर त्याने गाडी चार्जिंगला लावली, पिन वितळली, त्याने वर चिकटपट्टी गुंडाळली. त्याची बायको रेश्मा एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "ताई, वास येतोय वो त्या वायरीचा." क्रांतीने तिलाही नवऱ्याच्याच मापाने मोजलं. "नवऱ्याला विचार," म्हणाली आणि आत गेली.

फाल्गुनात सांगलीला नणंदेची वास्तुशांत होती. दोन्ही गाड्या सकाळीच निघाल्या, लाल जरा मागाहून. क्रांती ऐंशीच्या पुढे गेली नाही. कराडला तिने चार्जर लावला, अर्धा तास चहा घेत बसली. लाल गाडी हॉर्न वाजवत शेजारून निघून गेली. काचा बंद, एसी फुल्ल, वेग विचारायलाच नको.

आष्ट्याच्या अलीकडे ती लाल गाडी बॅटरी संपून रस्त्याकडेला उभी दिसली. पुढे उसाचा ट्रॅक्टर, आणि वीरधवल घाम पुसत दोराची गाठ मारत होता.

"दोर सोडा, भावजी."

"आवं वैनी, सांगलीपतुर वडून नेतो. त्यात काय एवढं?"

"चाकं फिरली की मोटार फिरती. मोटार फिरली की आत वीज तयार हुती. हाय तेबी जाळून टाकायचं हाय का? ही गाडी वडायची नसती, ट्रकच्या पाठीवर घालून न्यायची असती. पुस्तकात लिवलंय."

"कुठलं पुस्तक?"

गाडीसोबत पुस्तक येतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. क्रांतीला हसूही आलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने मुकाट दोर सोडून घेतला. तिने फोन करून सपाट ट्रक मागवला, आणि तो येऊन गाडी घेऊन जाईपर्यंत वीरधवल उसाच्या कडेला, रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. पुढे तो तिच्या गाडीत मागे रेश्माशेजारी बसला, गुडघे छातीशी घेऊन.

वास्तुशांतीच्या पंगतीत त्याने तोंड उघडलं. "ह्या गाड्याच बोगस. कंपनी लय फसवती." लोक माना डोलवत होते. क्रांती जिलेबी मोडत बघत राहिली. इतकं होऊनही चूक कंपनीची. असल्या माणसाची कीव करायचीसुद्धा तिला इच्छा होईना.

तेवढ्यात रेश्मा ताट घेऊन शेजारी येऊन बसली. "ताई, ते पुस्तक मी वाचलंय. गाडीच्या खणातच हुतं. रोज शंभर टक्के भरू नका, पार संपवू नका, मी सांगितलं त्येंना. बॅटरीचा रिपोर्ट आता काढला तर चालंल का?"

क्रांतीचा घास हातातच राहिला. कुंपणापाशी आलेली ही बाई तेव्हाही खरंच विचारत होती. आणि आपण तिला दारातून परत पाठवलं. वायर पेटली असती तर?

"सोमवारी दोघी जाऊ," ती म्हणाली.

रिपोर्ट निघाला: एकसष्ट टक्के, म्हणजे वॉरंटीतल्या सत्तरच्या हद्दीखाली. बॅटरीची वॉरंटी अजून शिल्लक होती, फक्त ती पहिल्याच मालकाच्या नावावर पडून होती. रेश्माने कागद जमवले, सर्व्हिस सेंटरला चार हेलपाटे घातले आणि बॅटरीचे मेलेले भाग बदलून घेतले. क्रांतीने तिच्या गोठ्याबाहेर अर्थिंगचा खड्डा खणून घेतला.

वीरधवल आता गावभर सांगतो, कंपनीला कसं वाकवलं. गाडी मात्र रेश्मा चालवते. तो शेजारी बसून एसी वाढवायला हात पुढे करतो, आणि ती रस्त्यावरची नजर न काढता त्याचा हात बाजूला सारते.