विनूकाकाचं वाक्य

आज सकाळी अकोल्यात माझी कमलआत्या वारली.

ती एका बोलपटाची नायिका होती, आणि त्या बोलपटात तिच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं.

हे मी विनोद म्हणून लिहीत नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता आणि महायुद्ध चालू होतं. अमरावतीच्या एका जिनिंग-मालकाला सिनेमा काढायची हौस आली. डायरेक्टर पुण्याकडून आणला, गोष्ट परदेशातून.

सावत्र आईच्या शापाने सहा भावांचे बगळे होतात. बहिणीने खाजकुइलीच्या धाग्यांचे सहा सदरे विणायचे, आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. शेवटच्या सदऱ्याची एक बाही अपुरी राहते, म्हणून धाकट्या भावाच्या एका हाताच्या जागी पंखच राहतो.

बजेट असं काही नव्हतंच.
खाजकुइलीऐवजी अंबाडी. पंख म्हणजे बांबूच्या कामट्यांवर डिंकाने चिकटवलेला, मालकाच्याच जिनातला कापूस. कौंडण्यपूरला नदीकाठी शूटिंग झालं. दंवाने पंख लोंबायचे आणि चांगलं ऊन पडेपर्यंत सगळं युनिट बसून राहायचं.

मुकी बहीण झाली अकरा वर्षांची आत्या.
धाकटा भाऊ झाला तिचा सख्खा धाकटा भाऊ, विनू. माझा काका. मी त्याला पाहिलेलं नाही.

विनूला एकच वाक्य दिलं होतं: “ताई, तुझे मौन आता संपले.”

तो दर वेळी म्हणायचा, “ताई, आता तं बोल नं. काहून चूप हायेस?”

डायरेक्टरने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. म्हणाले, बोलू द्या त्याला, नंतर बघू.

विनूने घरी येऊन जाहीर केलं की त्याचंच वाक्य पास झालं. मग तो स्वयंपाकघरात आजीच्या मागे तेच म्हणत फिरायचा. आजी वैतागून म्हणायची, मेल्या, मी कुठं चूप आहे?

सिनेमा लागण्याआधी विनू पटकीने गेला. सकाळी खेळत होता, दिवे लागण्याच्या आत संपलं.

आजोबा वकील. त्यांनी घरात त्या सिनेमाचं नावही काढायचं नाही, असं सांगून टाकलं. आजीने जन्मभर त्यांचं सगळं ऐकलं; एवढं एक ऐकलं नाही. अकोल्यात सिनेमा लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला ती आत्याला घेऊन गेली.

विनूचा एकही फोटो घरात नव्हता. तरीसुद्धा आजी बघायला गेलीच नव्हती, असं आत्या सांगायची. ती ऐकायला गेली होती.

पडद्यावर विनू आला. एका खांद्याला कापसाचा पंख. त्याने तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच मुलाचा होता.

नदीकाठी आवाज रेकॉर्ड करण्याची सोयच नव्हती. सगळ्यांचे संवाद नंतर स्टुडिओत भरले गेले. विनू हयात असता तरी त्याला बोलावलं नसतं. “काहून” ऐकून पुण्याचे प्रेक्षक हसतील, ही डायरेक्टरची भीती होती, आणि धंद्याच्या दृष्टीने ती अनाठायी होती असं मला म्हणता येत नाही.

आजी त्या अंधारात मोठ्याने म्हणाली, “हा माहा विनू नाही.”

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. कोणी तरी गप्प बसायला सांगितलं. आजी उठून पडद्याकडे चालू लागली.

आत्याने मागून तिचा पदर धरला आणि विनूच्या हेलात, त्याच्यासारखं किंचित नाकातून, ते वाक्य म्हटलं.

आजी बसली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी आज ही पोस्ट वेगळ्या शब्दांत लिहिली असती.

दुसऱ्या दिवशी आजीने ते वाक्य पुन्हा मागितलं. मग पुन्हा.
आत्याचं लग्न झालं, ती अकोल्यातच दिली. लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही त्या काळची रीत. आजी दुपारी तिच्याकडे जायची, पाणी घ्यायची नाही, टेकायची आणि म्हणायची, “म्हण एकदा.”
आजी गेली तेव्हा आत्या पन्नाशीला आली होती.

मी एकदा विचारलं होतं, आत्या, कधी कंटाळा नाही आला?

“कंटाळा कायचा रे. भेव वाटे. म्हनता म्हनता त्याचा खरा आवाज मलेच आठवेनासा झाला. आता हे आईले कसं सांगू? मी म्हनत राह्यली.”

त्या सिनेमाची प्रिंट कुठे मिळते का, म्हणून मी बरीच चौकशी केली. कुठेही नाही. मिळाली असती तरी तिच्यात त्याचा आवाज नव्हताच.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने उत्साहाने मोबाईल आत्यापुढे धरला. आजी, एकदा म्हणा ना, रेकॉर्ड करून ठेवतो.
आत्याने फोन हळूच पालथा घातला.

“नको रे बाबा. आता कोनी मागू नका. राह्यले तेवढे दिवस मले माह्या आवाजात बोलू द्या.”

बोललीही. कामवाल्या बाईशी भांडली, डॉक्टरांना त्यांचं लग्न का होत नाही ते विचारलं. काल संध्याकाळी माझ्या बायकोला म्हणाली, “खिडकी लाव वं, थंडी वाजून राह्यली.” त्यानंतर बोलली नाही.

कमलआत्या, पाया पडतो.
तुझ्याकडे काही मागत नाही.