फाटकावरची पुकार

रविवारी देवळात मिस्साच्या प्रार्थनेला आमचे आलोशियस मामा नेहमी पुढच्या बाकावर असत. पण फादर लग्नांची पुकार वाचायला लागले, की मामा उठत आणि बाहेर क्रूसापाशी जाऊन उभे राहत. लोकांना वाटे, म्हातारा विडी ओढायला गेला. मामांनी जन्मात विडी ओढली नाही. मी त्यांची भाची, ते का जातात ते मला ठाऊक होतं. पण कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं म्हटलं तर मामांचीच बाजू पडती होती.

आमच्या ख्रिस्ती गावांत लग्न ठरलं, की दोघांची नावं ओळीने तीन रविवार देवळात वाचून दाखवतात. कुणाची हरकत असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं. कुणी बोललं नाही, की लग्नाला वाट मोकळी. ज्यांची नावं वाचली जातात त्यांनी मात्र मान खाली घालून बसायचं, तोंड उघडायचं नाही. मामांना या रीतीचं भारी कौतुक होतं. जे काय ते उघड, सगळ्यांसमक्ष, कुणाच्या कानात कुजबुज नाही, असं ते म्हणत.

मामा देवळाच्या शाळेत मास्तर होते. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मुंबईच्या एका शेठने वालीवच्या बाजूला, भातखाचरांच्या कडेला, काचेच्या बाटल्यांचा कारखाना काढला. तिथली माणसं मुकादम भरत असे. म्हणजे आधी त्याचे मेव्हणे आले, मग मेव्हण्यांचे मेव्हणे आले. शेठ कंटाळला. इंग्रजी येणारा, कुणाच्या ताटाखालचं मांजर नसलेला माणूस त्याला हवा होता. अशा रीतीने आमचे मामा लेबर ऑफिसर झाले. रोझलिन मामींनी त्यांचा लग्नातला कोट उन्हात टाकला. कोट ठीक निघाला, पण पोटावर बटणं काही लागेनात.

लेबर ऑफिसरने करायचं काय, हे सांगायला कुणीच नव्हतं. आमच्या अख्ख्या गावात तसली नोकरी कुणी केलेली नव्हती. शेठ एवढंच म्हणाला, "मास्तर, माणसं नीट पारखून घ्या." आता मास्तरांना माणूस पारखायची एकच रीत माहीत! त्यांनी ठरवलं, ज्याला कायम करायचं त्याचं नाव ओळीने तीन शनिवार, पाळी सुटताना, फाटकावर पुकारायचं. कुणाची हरकत असेल तर त्याने तिथेच, सगळ्यांसमोर सांगायची.

माझी थोरली बहीण क्लेमेंटीन तिथे पॅकिंगमध्ये होती, बाटल्या पेंढ्यात गुंडाळायच्या कामावर. ती सांगायची, सुरुवातीला मोठी मजा आली. सॅन्टनचं नाव पुकारलं तेव्हा त्याचाच शेजारी हात वर करून म्हणाला, "साहेब, हा घोरतो. आमच्या घरापर्यंत आवाज येतो."

मामा गंभीरपणे म्हणाले, "घोरणं ही हरकत होत नाही. घरी घोरतो, कारखान्यात नाही. हात खाली कर."

सगळे खो-खो हसले आणि मुकादमाच्या गोतातला नसलेला सॅन्टन कायम झाला. मुकादमाचं नाक कापलं गेलं. मामा घरी येऊन मामींना म्हणाले, "बघितलंस? आता कुणाची वशिलेबाजी चालायची नाही." मला वाटतं, इतके खूश ते पुन्हा कधी झाले नसतील.

मग सावित्रीचं नाव आलं. सावित्री जूचंद्रची, आगऱ्यांची पोर, क्लेमेंटीनच्या शेजारी बसायची. कामाला वाघीण, बोलायला मुकी. भावाच्या घरी राहत होती, आणि भावजय भाकरीबरोबर रोज एक टोमणा वाढत होती. कायम झालेल्यांना कारखान्याच्या चाळीत खोली मिळायची. सावित्रीचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. लहानग्या लेकीला घेऊन तिथे राहायचं, आपली चूल आपण पेटवायची, एवढंच ती कधीमधी क्लेमेंटीनशी बोलायची. चुलीची जागासुद्धा तिने ठरवून टाकली होती.

दोन शनिवार कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या शनिवारी तिच्याच गावचा मधू पुढे झाला. मधू मुकादमाच्या माणसांपैकी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो म्हणाला, "माजी हरकत हाय. ही बाय चिंचोटीला नवऱ्याला टाकून पलून आलीय. नवऱ्याच्या घरान टिकली नाय, ती कारखान्यान काय टिकंल?"

मामांनी घोरण्याला जसं उडवून लावलं तसं याला लावायला हवं होतं. पण नवऱ्याला सोडलं म्हटल्यावर आमचे देवभोळे मामा हबकले. लग्न मोडणं त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. त्यांनी विचारलं, "हिच्या बाजूने कुणाला बोलायचं आहे?"

कुणी बोललं नाही. देवळात कुणी बोललं नाही, की भलं होतं. इथे तेच उलटं झालं. मग सावित्रीच पुढे आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, मी बोलू?"

आणि मामा म्हणाले, "ज्याचं नाव पुकारलं, त्याने बोलायचं नसतं."

ती मागे सरली. मामा म्हणाले, चौकशी करून निकाल देऊ, आणि फाटक उघडलं. सोमवारी सावित्री कामावर आली नाही. पुढेही आली नाही.

मी मोठी झाल्यावर क्लेमेंटीनला या गोष्टीवरून पुष्कळ बोलले. इतकी शेजारी बसत होतीस, तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? ती म्हणाली, "मामांनीच तिला गप केलं, तर मी कोण बोलणार?" माझा राग तरीही गेला नाही.

शेठला हे कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, बाईला काम येतं की नाही एवढंच बघायचं होतं." मामा घरी येऊन जेवायला बसले. मामी ताट वाढताना म्हणाल्या, "सॅन्टनच्या घोरण्याला तुम्हाला तोंड होतं. तिच्या वेळी कुठे गेलं?" मामा न जेवता उठले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुकार बंद केली, सावित्रीला कायम केलं, तिच्या नावची खोली अडवून ठेवली, आणि स्वतः जूचंद्रला गेले. मिठागराच्या बांधावरून, लग्नातला कोट घालून. सावित्री डोक्यावर मिठाची पाटी घेऊन राशीकडे निघाली होती. मामांनी तिथेच सगळं सांगितलं. नोकरी कायम आहे, खोली आहे, चल.

ती म्हणाली, "साहेब, समद्यांनी आयकलं. आता त्या फाटकातून रोज कशी जाव मी?"

"कुणी काही बोलणार नाही. मी बघतो."

"त्या दिवशीपन कोन काय बोललं नाय."

मामा म्हणाले, "मग तुला काय बोलायचं होतं, ते तरी सांग. मी ऐकायला आलोय."

सावित्रीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तवा इचारलेलं ना मी," ती म्हणाली आणि पाटी सावरून चालू लागली.

मामांनी ती नोकरी पुढे पुष्कळ वर्षं केली, आणि चांगली केली असं सगळेच सांगतात. सावित्रीची खोली त्यांनी बराच काळ दुसऱ्या कुणाला दिली नाही. शेवटी शेठने दिली. देवळात पुकार ऐकणं मात्र त्यांना जमेना. पोटच्या पोरीच्या, इनेझच्या लग्नाची पुकार झाली, तेव्हासुद्धा मामा बाहेर क्रूसापाशी होते. इनेझला ते फार लागलं. बापाला आपला नवरा पसंत नाही, असं ती कितीतरी वर्षं धरून बसली होती.

शेवटच्या दुखण्यात मी त्यांना भेटायला गेले होते. मामी पेज भरवत होत्या. मामा मध्येच मला म्हणाले, "काय बोलणार होती ग ती?"

मामींनीच उत्तर दिलं, "तेव्हा ऐकलं असतं, तर कळलं असतं."

मामी रागाने नाही बोलल्या. पेजेचा चमचा मामांच्या ओठांशी धरून, अगदी मायेने बोलल्या. मामांनी तोंड उघडलं नाही.