जांघेतली मीटिंग

दुष्काळात बीडकडच्या एका सहकारी सोसायटीच्या चारा छावणीवर मी माणसांच्या जखमा बांधायला जायचो. एकदा एक म्हातारा लंगडत आला. जांघेत अवधान येऊन गाठ टरारली होती आणि तिच्यावर त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना थापला होता. तळपायात बाभळीचा काटा मोडून पिकला होता, त्याकडे मात्र त्याचं लक्षच नव्हतं.

मी व्याख्यान दिलं. "बाबा, गाठीचा काय दोष? पायातले जंतू ती अडवते, ओळखते, मग त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथं वाढतात, म्हणून ती फुगते. त्यातल्या काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षं विसरत नाहीत."

तंबाखू मळणारा त्याचा अंगठा थांबला. "म्हंजे काटा पायात आन् मीटिंग जांघेत. आमच्या सोसायटीवानीच हाय की. फकस्त आमाला ओळख ऱ्हात न्हाई. मागच्या दुष्काळात ज्यानं छावणीचा चारा इकला, त्यालाच पुना चेरमन केलं आमी."

मी काटा काढून पट्टी बांधली, तेवढ्यात चेअरमनची जीप आली. म्हातारा टोपी सरळ करून सगळ्यांच्या आधी लंगडत गेला आणि हात जोडून उभा राहिला.

परत येऊन त्यानं डबी उघडली. चिमूटभर चुना तंबाखूत घातला आणि उरलेला गाठीवर लावला.