योसेफची खुर्ची

दोनाताचा नवरा ओरोन्त्सो गेला, पण त्याचा जेवणाचा काटा काही घरातून गेला नाही. दोनाता जेवायला बसली, चार घास पोटात गेले, की कुठून तरी टिक् असा आवाज यायचा, ताटाच्या कडेवर काटा वाजवावा तसा. मग ती हातातला घास खाली ठेवायची. वर्षभरात बाई वाळून काडी झाली.

"उंदीर असेल गं," शेजारीण वीता म्हणायची.

"उंदराला काटा धरता येतो?"

त्या आवाजाचा अर्थ आमच्या ओत्रांतो गावाकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मार्चमध्ये संत योसेफच्या सणाला आमच्याकडे नवसाचं मेज मांडतात. गावचीच माणसं संत होऊन जेवायला बसतात. तीन, पाच, सात, पण विषमच. योसेफ झालेल्या माणसाने ताटावर काटा वाजवला की जेवण सुरू. पुन्हा वाजवला की सगळ्यांनी हात आखडायचा, ताट अर्धं का असेना, आणि पुढचा पदार्थ आणायचा. तिथे कुणाचं काही चालत नाही.

दोनाताच्या मेजावर योसेफ म्हणजे तिचा नवरा. दगडाच्या खाणीत दरड कोसळली आणि तो दरडीखालून जिवंत निघाला, तेव्हापासूनचा हा नवस. घरचा माणूस एरवी संत होत नाही, पण वाचला तोच बसेल, असा हिचा हट्ट, आणि हिच्या हट्टापुढे पाद्रीबाबांनीही हात टेकले. ओरोन्त्सो तर महाखोडकर. त्याचा दोस्त पांतालेओ तळलेल्या माशाला हात घालतोय न घालतोय तोच, टिक्!

शेवटच्या दुखण्यात त्याने चण्यातल्या पट्ट्या मागितल्या. कणकेच्या पट्ट्या चण्यांत शिजवायच्या आणि थोड्या तेलात तळून वर घालायच्या, तो सणाचा पदार्थ. डॉक्टरांची सक्त मनाई होती. तरी तिने केल्या, पण चार घासांनंतर तिचाच धीर सुटला. तिने ताट ओढून घेतलं.

"पुरे! जीव द्यायचाय का?"

त्याने हसत हसत ताटाच्या कडेवर काटा वाजवला. "उठला बाई योसेफ ताटावरून," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो गेला. जाणारा तसाही जाणारच होता, मग खाऊ का दिलं नाही मी त्याला पोटभर? हेच तिला कुरतडत होतं.

नवस मोडता येत नाही. यंदाही तिने पाव भाजले, रानकांदे उकडले, मासे तळले. सणाच्या दिवशी भर दुपारी पाद्रीबाबा मेजाला आशीर्वाद देऊन गेले. संत येऊन बसले. मरिया म्हणून वीता, मरियेचा बाप योवाकीम म्हणून पांतालेओ, त्यांच्या जोडीला मरियेची आई आन्ना आणि बाळ येशू. खुर्च्या पाच, चण्यांची ताटं पाच. माणसं चार.

"योसेफ कोण गं?" वीताने हळूच विचारलं.

दोनाताने बोटांवर नावं मोजली. घरोघर जाऊन तिने चौघांना बोलावणं केलं होतं. पाचवा तर घरचाच, त्याला कसलं बोलावणं! दरवर्षीच्या सवयीने तिने ओरोन्त्सोला धरलं होतं.

"अरे देवा, मेलेल्याला जेवायला बोलावलंय हिने!" दारातल्या गर्दीतून एक बाई पुटपुटली. सगळे पांतालेओकडे बघू लागले.

"मी नाही बाबा त्या खुर्चीत बसणार," तो म्हणाला. "जिवंतपणी त्याने मला धड खाऊ दिलं नाही, आता तर काय!"

कुणीही हसलं नाही. चणे निवत चालले. काटा वाजल्याशिवाय कुणाला शिवता येईना, आणि मेज न जेवता उठलं तर नवस मोडला. दोनाताने एप्रन सोडून खुंटीला अडकवला आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली.

"बाई? योसेफ?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"वाचला तो बसत होता. आता उरली ती बसेल," ती म्हणाली आणि तिने काटा वाजवला.

सगळे जेवू लागले. तिने एक घास घेतला, दुसरा घेतला. चौथ्या घासाला हात आपोआप थांबला. तिने कान दिला. काहीच नाही. पाचवा घास ती मुद्दाम सावकाश चावत राहिली, त्याला वेळ मिळावा म्हणून. वाजव की मेल्या, ती मनात म्हणाली, वर्षभर छळलंस, आता का गप्प? ताट पुसून झालं, शेवटचा चणाही संपला. घरात कुठेही टिक् झालं नाही.

"गेला गं वीता," ती म्हणाली. "आता खरंच गेला."

आणि दफनाच्या दिवशीही न रडलेली दोनाता सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. बाकीच्यांची ताटं केव्हाच रिकामी झाली होती. पांतालेओने जन्मात पहिल्यांदा इथे ताट संपवलं होतं आणि आता मान खाली घालून बसला होता.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "वाजवा ना आता. पुढचं यायचंय."

दोनाताने काटा उचलला आणि ताटावर तसाच धरून ठेवला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून थोडं थांबा."