माश्यांचं औषध आणि माझी जाऊ

ये गं बाय, जवळ ये. पाहुण्यासारखी दारात काय बसतेस? फोनवर विचारत होतीस ना, लढाईतला विषारी वायू म्हणजे काय? अगं, त्याचा भाऊबंद आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात येऊन गेलाय.

ऐंशीनंतरची गोष्ट. तिकडे इराण-इराकच्या लढाईत तो वायू सुटत होता, इकडे आमचे बोंबील वलांडीच्या, म्हणजे वाळवणाच्या मांडवाच्या, बांबूंवर तोंडात तोंड अडकवून वाळत होते. मळभ आलं आणि माश्या तुटून पडल्या. माझी जाऊ भडकली. "बोंबील आपण खायचे की या रांडांनी?" वाडीत भाजी पिकवणाऱ्याकडून तिने किड्यांचं औषध आणलं, बादलीत हातानेच ढवळलं आणि दिलं बोंबलांवर शिंपडून. तेव्हा बऱ्याच जणी शिंपडायच्या.

घटकाभरात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. घामाने लुगडं भिजलं, श्वास अडकला. तिला रिक्षात घालून अंधेरीच्या इस्पितळात नेली. डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"काय फवारलंत?"

मी सांगितलं. त्यांनी आधी तिचे कपडे उतरवून अंग धुवायला लावलं, मग सुईवर सुई दिली. जावेचा श्वास जरा मोकळा झाल्यावर म्हणाल्या, "लढाईतला वायू याच घराण्यातला. जर्मनीत एकजण किडे मारायचं औषध शोधत होता, हाती आलं ते माणूस मारणारं. लष्कराने ते उचललं."

"आणि तुमची ही सुई?"

"तीही विषारी झाडातलीच. महादेवाला धोतरा वाहता ना, त्याच्या गोतातली. पण माप माझ्या हातात हं! घरी कुणी धोतरा चावायला जाऊ नका."

संध्याकाळी जावेने डोळे उघडले. पहिला प्रश्न काय? "बोंबील झाकलेस का गं?"

"घरी सांगून पुरून टाकले. खोल खड्ड्यात."

"सगळे? अगं मेले, चार तरी ठेवायचेस!"

तिने शिवी दिली तेव्हा मला खात्री पटली, ही जगली. मी तिथेच रडले.

घरी आल्यावर तीच प्रत्येक वलांडीवर गेली. "मला बघा," म्हणायची, "आणि मग शिंपडा." पुढच्या हंगामात आमच्या आळीत बोंबलांना मीठ होतं आणि वर माश्या अडवायला जुनी जाळी. कुणी बादली काढली नाही.

आजही ती जाळीखाली बसून माश्यांना शिव्या घालते. तुझ्यासाठी चांगले लांब बोंबील बाजूला काढलेत तिने. आता निघालीस, तर ते घेऊन निघ, पण लवकर परत ये. तिला फार वाट बघायला लावू नकोस.